दोनशे मीटर

कौन्सिलच्या कागदावर चार नावं होती. सायकलवाटा बांधणारा डॅरेन, पुरातत्त्ववाली पिप, आंटी नोलीन, आणि शेवटी नुसतंच डेल्मा.

डेल्माने तो कागद फ्रिजवर लावला आणि दोन दिवस जाता-येता वाचला. वाचून काही बदलत नव्हतं. एकसष्ट वर्षांची बाई, मिलर्स गॅपमध्ये जन्मलेली. त्याच गावच्या शाळेत तिने तीस वर्षं पोरांना जेवण वाढलं होतं आणि आपल्या सगळ्या मयतांच्या थडग्यांवरचं गवत स्वतःच्या हाताने उपटलं होतं. तरी ती नुसती डेल्मा. नोलीन तिच्याहून दोन वर्षांनी लहान. नवव्या वर्षी आईचं बोट धरून सिडनीला गेली, ती डोक्याचे केस पांढरे झाल्यावर परत आली. येऊन तीन वर्षं होत नाहीत तोच ती आंटी.

आमच्याकडे, इथल्या मूळ माणसांत, आंटी हे नाव कचेरीत मिळत नाही. ते माणसं देतात, तेही सावकाश, मयतांना उभं राहिल्यावर आणि दुसऱ्यांची पोरं निस्तरल्यावर. गावातली पोरं डेल्माला आंटी म्हणतच होती. पण पोरांचं म्हणणं कौन्सिलच्या कागदावर उमटत नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे काय आजचं आहे?

डेल्मा जळत होती, यात लपवण्यासारखं काही नाही. नोलीनचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायचं. तिच्या कानांतली साळूच्या काट्यांची डुलं, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, सभेत उठून 'आपला मुलूख' असं सावकाश म्हणायची तिची पद्धत. ती तसं म्हणाली की गोरी माणसं माना खाली घालायची. डेल्मा तेच चाळीस वर्षं म्हणत होती तेव्हा कुणी घड्याळाकडे बघणं थांबवलं नव्हतं. "आयत्या बिळावर नागोबा," असं ती शेजारणीला म्हणालीही होती. शेजारीण म्हणाली, "तुझी बहीण आहे ना गं ती?" होती. काकाची मुलगी म्हणजे बहीणच, आणि बापाचा भाऊ म्हणजे बापच. नोलीनही डेल्माच्या वडिलांना 'बाबा'च म्हणायची, आणि अजूनही ती 'बाबा' म्हणाली की डेल्मा तोंड फिरवायची.

एकच गोष्ट डेल्माला थंडावा द्यायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, एका मोठ्या सपाट खडकाच्या पोटाखाली हात होते. अकरा हात. जुन्या माणसांनी दगडाला तळवा टेकवून, वरून तोंडाने गेरू फुंकून उमटवलेले. सगळ्यात खालचा एवढासा, तान्ह्या पोराचा. ते पोर कुणीतरी काखेत धरलं असेल, त्याची मूठ उघडली असेल आणि हसत हसत गेरू फुंकला असेल. ती जागा कुठल्याही यादीत नव्हती. डेल्मा तेरा वर्षांची असताना बाबा तिला तिथे घेऊन गेले होते. बाहेर उभं राहून जुन्या माणसांना आपलं नाव कसं सांगायचं ते शिकवलं होतं, आणि कुणापाशी बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. आता भाऊ गेले, बाबा गेले. उरली ती डेल्मा एकटी. नोलीन माईकवर काय बोलायचं ते बोलू दे, तिला हात ठाऊक नाहीत. रात्री अंगावर पांघरूण घ्यावं तसं डेल्मा हे मनात ओढून घ्यायची.

मंगळवारी सकाळी चौघं ओढ्यापाशी भेटली. कौन्सिलला डोंगरात सायकलवाटा हव्या होत्या. शहरातून माणसं येतील, कॅफे चालतील. वाट आखण्याआधी आमच्या माणसांनी ती चालून बघायची, कुठे काय जुनं आहे ते सांगायचं, आणि पिपने त्याभोवती नकाशावर वर्तुळ काढायचं. वर्तुळाच्या आत फावडंही लागणार नाही, असा नियम. डॅरेन पुढे चालत झाडांना गुलाबी फिती बांधत होता. माणूस वाईट नव्हता. कान उन्हाने सोललेले, आणि वाटेबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

"बूट नवे दिसतात गं," डेल्मा म्हणाली.

"सिडनीचे," नोलीन म्हणाली. "तुझे जुने वाटतं?"

"माझ्या पायांना इथली जमीन ओळखते. बूट कसेही चालतात."

"मग सापांकडे बघून चाल. ते कुणाला ओळखत नाहीत."

पिप हसली. डेल्माला वाटलं, ही पोरगी नोलीनच्याच विनोदाला हसते. मघाशी मी बोलले तेव्हा वहीत डोकं घालून होती.

ओढ्याच्या काठच्या खडकावर खोबण्या होत्या. दगडी कुऱ्हाडींना धार लावून लावून पडलेल्या, बोटभर खोल, ओळीने सात. नोलीन गुडघ्यांवर बसली, एका खोबणीत तिने अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. पिप पेन धरून थांबली. डेल्मालाही थांबावं लागलं, आणि तेवढ्यात तिचं डोकं फिरलं. या खोबण्या तिच्या अंगणातल्या होत्या आणि मौन मात्र नोलीनचं चाललं होतं.

"दोनशे मीटर," नोलीन उठत म्हणाली. "सगळीकडून."

डॅरेनचा चेहरा पडला. "आंटी, दोनशे? एवढ्याशा खोबण्यांना?"

"दोनशे."

"माझा अर्धा नकाशा जातो त्यात."

"जाऊ दे."

"कशाला दोनशे?" डेल्मा म्हणाली. "तीस पुरेत. या खोबण्यांत पाणी भरून आम्ही बाहुल्यांना अंघोळी घातल्यात. इथंच बसून जॅम-पाव खाल्लाय. दगडाला काही झालं नाही."

पिपने एकीकडून दुसरीकडे बघितलं. "आंटी नोलीन?"

"मी सांगितलं ते सांगितलं."

"सांगायला तू होतीस कुठं?" डेल्मा म्हणाली. "मी इथं रोज येते. तू मुलूख मुलूख करतेस, त्या मुलखात पाणी कुठं आटतं हे तरी सांग बघू."

नोलीन तिच्याकडे बघत राहिली. आधी ती गोंधळल्यासारखी दिसली, मग तिने आवाज खाली आणला. "डेल्मा. दोनशे म्हणू दे."

दुसरी कुणी असती तर या 'म्हणू दे'पाशी थबकली असती. डेल्माला त्यात फक्त हुकूम ऐकू आला. धाकट्या बहिणीने, परक्या माणसांसमोर, तिच्याच ओढ्यावर तिला गप्प राहायला सांगितलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तीस," ती म्हणाली. "लिही पोरी. तीस."

पिपने नियम वाचावा तसं सांगितलं की दोघींचं एकमत नसेल तर जी जागेजवळ राहते तिचा शब्द धरला जातो. नोलीनला हरकत नोंदवायची आहे का, असंही विचारलं. नोलीनने डेल्माकडे एकदा बघितलं आणि मान हलवून नाही म्हटलं. डॅरेनचा चेहरा खुलला. "आंटी डेल्मा म्हणतात तेच बरोबर," तो म्हणाला. गरम चहाचा घोट उतरावा तसं ते डेल्माच्या छातीतून उतरलं.

हातांचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. आला आणि गेला. ते वर होते, उतारावर, शंभरएक पावलांवर. सायकलवाले तिथे कशाला तडफडतील? सायकलला सपाट रस्ता लागतो, हे कुणीही सांगेल. वाट ओढ्याच्या कडेने जाईल, सावलीतून, असं तिने धरूनच टाकलं. डॅरेनला विचारलं मात्र नाही.

तो आठवडा तिचा होता. डॅरेनने रस्त्याच्या पलीकडून हात केला. सॉसेज रोलच्या दुकानात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी डेल्मामुळे माझी वाट वाचली." पिपने फोन करून आणखी एका जागेबद्दल विचारलं, तेही नोलीनला सोडून. डेल्माने फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला, म्हणजे शेजारणीला ऐकू जावं. रविवारी चर्चबाहेर नोलीन समोरून आली तेव्हा डेल्माने नवा ब्लाउज घातला होता. "बरी आहेस?" नोलीनने विचारलं. "मला काय धाड भरलीय," डेल्मा म्हणाली आणि पुढे गेली. नोलीनला काहीतरी बोलायचं होतं हे तिला दिसलं होतं. बोलू द्यायचं नाही यातच तिला मजा आली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा चौघं चालायला निघाली, नव्या फितींवरून. ओढा ओलांडल्यावर गुलाबी फिती उजवीकडे वळल्या नाहीत. त्या सरळ वर चढल्या.

"वर कुठं?" डेल्मा म्हणाली.

"वरच तर मजा आहे, आंटी," डॅरेन म्हणाला. "सपाटीवरून कोण चालवतो? म्हाताऱ्या बायका. आमच्या लोकांना दगड हवा, उतार हवा, पोटात गोळा यायला हवा. चला, दाखवतो."

तो झपझप चढला. डेल्मा मागून. झाडी विरळ झाली आणि तो सपाट खडक आला. डॅरेन त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने टाच आपटली.

"हा बघा. असा दगड शंभर मैलांत नाही. वाट इथून येईल, खडकावरून थेट खाली उडी. इकडे कडेला पाणी काढून देऊ, इकडे बाक टाकू. माणसं इथं थांबतील, फोटो काढतील."

डेल्मा खडकावर उभी होती आणि तिच्या पायांखाली अकरा हात होते. काढून दिलेलं पाणी कुठून उतरेल हे तिला दिसलं. बाकावर बसलेलं कुणीतरी कंटाळून खाली वाकेल, हातांपुढे वाढलेले नेचे बाजूला सारेल, हेही दिसलं. हायवेजवळच्या गुहेत तसंच झालं होतं. तिथल्या चितारलेल्या कांगारूच्या पाठीवर आता बदाम आहे आणि बदामात दोन नावं आहेत.

तिने नोलीनकडे बघितलं. नोलीन खडकावर चढलीच नव्हती. ती फितीच्या अलीकडे, गवतात उभी होती, आणि खडकाकडे न बघता डेल्माकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मोठ्याने नव्हे, पुटपुटल्यासारखे. डेल्माला ते शब्द ओळखायला ऐकण्याची गरज नव्हती. तिथे बाहेर उभं राहून आपलं नाव असंच सांगायचं असतं.

पिप आणि डॅरेन खाली उतरून फिती मोजायला लागले तेव्हा डेल्मा गवतात आली.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बाबांनी."

खरं तर डेल्माला त्या क्षणी खडकाची काळजी वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. आधी फक्त हेच वाटलं, की बाबा हिलाही घेऊन आले होते. जे एकट्या आपलं म्हणून आयुष्यभर उराशी धरलं, त्यात ही पहिल्यापासून वाटेकरी होती. हात गेले तरी चालतील, पण हिला ठाऊक नसावेत, असं एक घाणेरडं काहीतरी तिच्या मनातून सरपटत गेलं. तिची तिलाच शिसारी आली, पण ते गेलं हे खरं.

"मग दोनशे..." ती म्हणाली.

"वर्तुळ मोठं काढायचं," नोलीन म्हणाली, "आणि मधोमध जे सांगता येतं ते ठेवायचं. जे सांगायचं नाही ते वर्तुळात कुठंतरी आपोआप येतं. तीस वर्षं शहरात हेच केलं मी. खोबण्या खऱ्याच आहेत, खोटं काही बोलावं लागत नाही."

"मला आधी सांगायचं होतंस."

"मला वाटलं तुला कळेल. तू इथली. त्यानंतर सांगायला आले तर तू नवा ब्लाउज दाखवून निघून गेलीस."

"आता सांग ना त्यांना. दोनशेच हवेत म्हणून सांग."

"माझ्या शब्दाला आता काय किंमत? दोघी म्हाताऱ्या भांडतायत म्हणतील. शब्द तुझा धरलाय, परतही तुलाच घ्यावा लागेल."

"कारण काय देऊ?"

नोलीनने खांदे उडवले. "ते तू बघ. सोमवारी खोदायचं यंत्र येतंय."

गुरुवारी कौन्सिलच्या हॉलमध्ये सभा होती. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल रेघ. पुढच्या रांगांत सायकल क्लबची माणसं, मागे आमची. डेल्माने दोन रात्री कारण शोधलं होतं. जमीन ओली आहे म्हणावं तर डॅरेनने ती मोजली होती. सापांचं म्हणावं तर तो हसला असता. आणि खडकाखाली काही आहे असा नुसता वास जरी लागला तरी पिपला जाऊन फोटो काढावे लागतील, नोंद करावी लागेल. मग ती जागा यादीत येईल आणि यादी आज ना उद्या कुणाच्या तरी फोनवर. बाबांनी पन्नास वर्षं जे झाकलं ते तिच्या तोंडून उघडं पडेल. सगळी कारणं संपल्यावर एकच उरलं होतं. ते खरं होतं, आणि म्हणूनच ते सांगण्यापेक्षा मेलेलं बरं असं तिला वाटत होतं.

कुणाला काही बोलायचंय का, असं अध्यक्षीणबाईंनी विचारलं तेव्हा ती उठली.

"ओढ्याजवळच्या खोबण्यांना मी तीस मीटर म्हणाले होते. ते खोडा. दोनशे लिहा."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. डॅरेन उभाच राहिला. "आंटी, तुम्हीच म्हणालात तीस. सोमवारी यंत्र येतंय."

"म्हणाले होते."

"मग आठवड्यात काय बदललं?"

पिपनेही मान वर केली. तिचा आवाज मऊ होता, म्हणूनच डेल्माला त्याची जास्त भीती वाटली. "आंटी डेल्मा, तिथं आणखी काही आहे का? असेल तर मला बघावं लागेल."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकायचं थांबलं. नोलीन खिडकीपाशी हाताची घडी घालून बसली होती. तिने मदतीला एक बोटही हलवलं नाही.

"तिथं काही नाही," डेल्मा म्हणाली. "माझ्या पोटात होतं. मत्सर होता."

कुणी हसलं. बहुधा क्लबमधलं.

"हसा," डेल्मा म्हणाली. "कागदावर हिला आंटी लिहिलं होतं आणि मला नुसतं डेल्मा. ही पंचेचाळीसेक वर्षांनी आली, नवे बूट घालून, आणि तुम्ही सगळे हिचं ऐकायला लागलात. मी इथं जन्म काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही दोनशे म्हणाली म्हणून मी तीस म्हणाले. ही पाचशे म्हणाली असती तर मी दहा म्हणाले असते. त्या दगडाला किती हवेत याचा मी विचारसुद्धा केला नाही. हिला खाली बघायला लावायचं होतं, बस."

तिचे गाल पेटले होते. मागच्या रांगेत तिने जेवण वाढलेली पोरं बसली होती, आता बापे झालेली, आणि ती आपल्या बुटांकडे बघत होती. आमच्यात सगळ्यांसमोर लाज निघण्यासारखं दुसरं मरण नाही, आणि ती आपल्या हाताने आपली लाज काढत होती.

"एवढंच कारण?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"एवढंच. लिहून घ्या. आंटी नोलीनला यातलं कळतं. तिचं ऐका. यापुढे वाटा चालायला तिला न्या, मला नको."

पिप तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते तिचं तिलाच ठाऊक. तिने पेनाला टोपण लावलं, मग पुन्हा काढलं, तीसवर काट मारली आणि वर दोनशे लिहिलं. डॅरेनने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि नकाशापाशी जाऊन लाल रेघ ओढ्याच्या पार पलीकडे, सपाटीवर नेली.

सभा संपल्यावर डेल्मा मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. आतून कपबशांचे आवाज येत होते. कुणी तिच्याकडे आलं नाही. डॅरेन समोरून गाडीकडे गेला. "निघतो, डेल्मा," एवढंच म्हणाला.

थोड्या वेळाने नोलीन दोन कप चहा घेऊन आली आणि एक तिच्या बाजूला ठेवून बसली. आभार मानले नाहीत. डेल्माला ते मानायला हवे होते असंही वाटलं नाही, पण मानले नाहीत याचा रागही आला.

"साखर कमी घातलीस," डेल्मा म्हणाली.

"तुला साखर वर्ज्य आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आज तर सगळंच ठाऊक झालं."

दोघी चहा पीत राहिल्या. डेल्माला एक प्रश्न विचारायचा नव्हता. मंगळवारपासून तो तिने दाताखाली धरून ठेवला होता.

"तू किती वर्षांची होतीस? बाबांनी दाखवलं तेव्हा."

"आठ. सिडनीला जायच्या आधी."

डेल्माने हिशेब केला. तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्याच घरात, त्याच पलंगावर, नोलीनच्या शेजारी झोपत होती. "मला तेराव्या वर्षी दाखवलं," ती म्हणाली.

"माहितेय."

"आठ वर्षांच्या पोरीला दाखवलं आणि मला नाही. का म्हणून?"

नोलीनने कपात बघितलं. "सांगू नको म्हणाले होते."

"मेले गं ते. सांग."

"म्हणाले, डेल्माला इतक्यात कळू देऊ नकोस. तिला तोंड बंद ठेवता यायला लागलं की मीच तिला घेऊन जाईन."

डेल्माने कप पायरीवर ठेवला. आज भरल्या हॉलमध्ये हातांबद्दल तिने तोंड बंद ठेवलं होतं. बघायला बाबा नव्हते, नोलीन होती.